लांब मानेचा डायनासोर नुसता पाला खाऊन एवढा अवाढव्य कसा झाला?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की मुलगी पालक खात नाही म्हणून तुम्ही तिला म्हणालात, बघ तो लांब मानेचा डायनासोर नुसता पाला खाऊन केवढा झाला, तर ती म्हणाली मग गाय का नाही झाली तेवढी. ताई, राग मानू नका पण तुमच्या उदाहरणापेक्षा तिचा प्रश्न भारी आहे, आणि त्याचं उत्तर ऐकल्यावर तुमचं पालकाचं काम होणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. कारण उत्तर असं आहे की तो चावत नव्हता. गपागप गिळायचा. आपण लहानपणी ज्याच्यासाठी आईचे धपाटे खाल्ले तेच करून तो ६० टनांचा झाला.

मी काही डायनासोरवाला नाही. नागपूरला जिऑलॉजीत एमएस्सी केलं आणि आता लोकांना बोअर कुठे मारायची ते सांगत फिरतो, पण हा विषय तेव्हापासून डोक्यात बसलाय तो बसलाच, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी नाव. या सगळ्या लांब मान, लांब शेपूट, चार खांबांसारखे पायवाल्या मंडळींना सॉरोपॉड म्हणतात. तो एकच प्राणी नाही, शेकडो जाती होत्या, जवळजवळ सगळ्या खंडांवर, आणि सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीपासून ते थेट ६.६ कोटी वर्षांपूर्वी सगळा बाजार उठेपर्यंत. अर्जेंटिनातला पॅटागोटायटन घ्या, ज्याचं नामकरण २०१७ साली झालं. त्याचं नुसतं मांडीचं हाड २.३८ मीटर आहे, म्हणजे तुमच्या घराच्या दाराच्या चौकटीतून उभं आत जाणार नाही. वजन ६० टनांच्या आसपास धरतात, आणि आफ्रिकन हत्तीचा मोठा नर साधारण ६ टनांचा. निळा देवमासा याहून जड असतो पण त्याला पाणी तोलून धरतं, जमिनीवर चार पायांवर एवढं वजन घेऊन फिरलेलं सॉरोपॉडशिवाय दुसरं कोणी नाही.

आता गायीचं बघू, कारण मुलीने तेच विचारलंय. गाय गवत तोडते, गिळते, मग निवांत बसून रवंथ करते, म्हणजे तेच परत तोंडात आणून बारीक चावते. तिच्या पोटाची रचनाच अशी की चारा पुरेसा बारीक झाल्याशिवाय पुढच्या कप्प्यात जात नाही. म्हणजे तोंड ही तिची गिरणी, आणि गिरणीच्या मापाबाहेर धंदा वाढत नाही. पोट कितीही मोठं केलं तरी दळण तेवढंच निघणार. हत्ती रवंथ करत नाही पण चावतो तोही, आणि त्यासाठी त्याने केवढा खर्च केलाय बघा: चार-पाच किलोची एकेक दाढ, त्या दाढा धरायला तेवढा जबडा, जबडा हलवायला तेवढे स्नायू, म्हणून डोकंच अवजड, आणि अवजड डोकं लांब मानेवर ठेवता येत नाही म्हणून मग सोंड काढावी लागली. वर दिवसाचे सोळा-सोळा तास खाण्यात जातात. आणि हत्तीला आयुष्यात दाढांचे सहाच संच मिळतात, शेवटचा झिजला की म्हातारा हत्ती अन्न समोर असून उपाशी राहतो.

सॉरोपॉडने हा सगळा खर्चच उडवून टाकला. डिप्लोडोकस हा २५ मीटरचा प्राणी, आपल्या लोकलच्या एका डब्यापेक्षा लांब, आणि डोकं किती, तर जवळपास घोड्याएवढं! दात पेन्सिलीसारखे बारीक, फक्त जबड्याच्या पुढच्या बाजूला, कंगव्यासारखे. फांदी दातात धरायची, मान मागे ओढायची, पाला आत, संपलं. काही जातींचे दात चमच्यासारखे रुंद होते, ते जाड डहाळ्याही तोडत असतील, पण दळायला दाढा कोणालाच नाहीत. आणि दात झिजले तर? नवीन येत राहायचे. दातांच्या आतल्या रोजच्या वाढरेषा मोजून काढलंय की डिप्लोडोकसला एका जागेवर नवा दात साधारण ३५ दिवसांत यायचा. नायजरमध्ये सापडलेला नायजरसॉरस तर १४ दिवसांत बदलायचा, हत्तीने हे वाचलं तर रडेल बिचारा.

डोकं हलकं झालं म्हणून मान लांब करता आली. आणि लांब मानेचा खरा फायदा लोकांना वाटतो तसा फक्त उंच झाडाचा शेंडा खाणं हा नाही. आपला जेसीबी डोळ्यासमोर आणा, तो गाडी न हलवता नुसता हात फिरवून आजूबाजूचं सगळं उकरतो ना, तसं. साठ टनांचं धूड दर घासाला चार पावलं हलवायचं म्हणजे कमावलेलं सगळं चालण्यातच जाणार, त्यापेक्षा एका जागी उभं राहायचं आणि मान डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरवत अख्खा परिसर साफ करायचा, मग चार पावलं पुढे. जिराफाच्या मानेत आपल्यासारखेच सात मणके असतात, फक्त लांब लांब. डिप्लोडोकसच्या मानेत पंधरा होते, आणि चीनमधल्या मामेन्चीसॉरसच्या मानेत अठरा-एकोणीस, त्याची एक जात अशी की मान १५ मीटरच्या आसपास होती असा अंदाज २०२३ साली आलाय. पाचमजली बिल्डिंगएवढी नुसती मान.

गिळलेलं पचायचं कसं हा पुढचा प्रश्न. मी शिकत होतो तेव्हा ठोकून सांगायचे की हे प्राणी दगड गिळायचे आणि पोटात ते दगड जात्यासारखे फिरायचे, कोंबडीच्या पेटीत खडे असतात तसे. आता ते मागे पडलंय. शहामृगाच्या पोटातले खडे त्याच्या वजनाच्या साधारण एक टक्का भरतात, सॉरोपॉडच्या सांगाड्यांबरोबर सापडलेले दगड त्या मानाने काहीच नाहीत, आणि पोटात घासून होतात तसे झिजलेलेही नाहीत. म्हणजे जातं पण नाही. मग काय, तर गोबरगॅस! पोट म्हणजे मोठी टाकी, त्यात पाला पडून राहायचा आणि जिवाणू तो कुजवून, आंबवून त्यातली ताकद बाहेर काढायचे. बारीक केलेलं लवकर आंबतं, न चावलेल्याला वेळ लागतो, मग वेळ द्यायला टाकी मोठी हवी, टाकी मोठी म्हणजे प्राणी मोठा, प्राणी मोठा म्हणजे अजून जास्त पाला आत. गाय जिथे अडकते तिथे हा सुटतो, समजलं का? गिरणी नसल्यामुळे वाढीला मर्यादाच तोंडाने घातली नाही. (त्या गोबरगॅसमधून निघणाऱ्या गॅसचं काय व्हायचं ते मुलीला सांगा, तिला नक्की आवडेल.)

आणि तो पालाही आपल्याला वाटतो तसा रद्दी नव्हता. जर्मन संशोधकांनी आज जगात शिल्लक असलेल्या जुन्या झाडांचा पाला, म्हणजे नेचे, अरोकेरिया, पाण्याकाठी येणारं हॉर्सटेल वगैरे, मेंढीच्या पोटातल्या रसात घालून किती गॅस निघतो ते मोजलं, तर हॉर्सटेल जोरात निघालं. आणि अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, एका सॉरोपॉडच्या प्रत्यक्ष पोटातलं जेवण प्रसिद्ध झालं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये सापडलेला डायमंटिनासॉरस, त्याच्या पोटाच्या जागी दगड झालेला पाला, त्यात सूचिपर्णी झाडं आणि फुलझाडांची पानं, बीजकोश, आणि मुख्य म्हणजे तुकडे तोडल्यावर चावल्याची खूण जवळजवळ नाही. मी ते वाचलं त्या दिवशी घरात सगळ्यांना सांगत सुटलो, कोणाला काही पडलेली नव्हती.

आता मानेचं इंजिनियरिंग, हा भाग मला सगळ्यात आवडतो. लांब नळीतून श्वास घेणं किती अवघड आहे याचा विचार करा. आपण श्वास घेतो त्या अर्ध्या लिटर हवेतली साधारण १५० मिली फुप्फुसापर्यंत पोचतच नाही, नळीतच अडकून तशीच बाहेर जाते. दहा मीटरची श्वासनलिका असेल तर तीच शिळी हवा आत-बाहेर होत राहील आणि प्राणी गुदमरेल. पण पक्ष्यांची पद्धत वेगळी आहे, त्यांच्या फुप्फुसाला पुढे-मागे हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि ताजी हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते. सॉरोपॉडकडे तसलीच व्यवस्था होती. फुप्फुस काही दगडात टिकत नाही, मग कसं कळलं? तर हाडांवरून. त्या हवेच्या पिशव्यांचे फाटे मणक्यांच्या आत शिरायचे आणि हाड पोकळ करत जायचे. मानेचा मणका मोडून बघितला, किंवा हल्ली सीटी स्कॅन करतात, तर आत अनारसा मोडल्यावर दिसते तशी जाळी, पातळ पातळ पडदे आणि मध्ये सगळी पोकळी. काही जातींच्या मणक्यात निम्म्याहून जास्त जागा हवेची. म्हणून ती मान दिसते तेवढी जड नव्हतीच. पाय मात्र भरीव, वजन तिथे घ्यायचं ना.

शिवाय त्याच पिशव्यांनी अंग थंड ठेवायलाही मदत केली असणार, कारण एवढ्या मोठ्या देहात उष्णता साठते आणि बाहेर पडायला कातडी कमी पडते. दातांमधल्या कार्बन आणि ऑक्सिजनच्या आयसोटोपवरून (म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) २०११ साली त्यांचं तापमान काढलं ते ३६ ते ३८ डिग्री आलं, म्हणजे तुमच्या-माझ्याएवढंच.

मान ताठ वर ठेवायचे की आडवी, यावर मात्र अजून हाणामारी चालू आहे. मान सरळ वर केली तर हृदयापासून डोकं आठ-नऊ मीटर वर, तिथे रक्त चढवायला आपल्यापेक्षा पाच-सहा पट प्रेशर लागेल, जिराफाचं आपल्या दुप्पटच असतं तरी त्याच्या हृदयाची भिंत केवढी जाड. म्हणून एक गट म्हणतो मान जमिनीला समांतरच. दुसरा गट म्हणतो की आजचा कुठलाही प्राणी घ्या, बदक, घोडा, सरडा, निवांत उभा असताना मान वर उचलूनच धरतो, याने काय पाप केलं? मला विचाराल तर वर-खाली दोन्ही करत असेल, पण दिवसभर शिडीसारखा उभा नक्की नाही.

आणि एक गंमत. आपल्या घशातल्या स्वरयंत्राला जाणारी एक नस मेंदूतून निघते, घशाशेजारून सरळ खाली छातीत जाते, तिथे रक्तवाहिनीला वळसा घालून परत वर घशात येते, म्हणजे दादरहून माटुंग्याला जायला आधी पनवेल. माशांपासून हा वारसा आलाय, उत्क्रांतीने तो दुरुस्त केला नाही. सुपरसॉरसमध्ये हा हेलपाटा २८ मीटरच्या आसपास होत असणार असं गणित मांडलंय. 

पाण्यात राहायचा ही पण जुनी थाप आहे. आपल्या लहानपणीच्या पुस्तकांत हमखास चित्र असायचं, तळ्यात गळ्यापर्यंत बुडालेला आणि तोंडात शेवाळ. तेवढ्या खोलीवर पाण्याचा दाब छातीवर पडून श्वासच घेता आला नसता हे १९५१ सालीच दाखवलं होतं, पाय खांबासारखे आणि छाती अरुंद हे कोरड्या जमिनीवर चालणाऱ्याचं लक्षण, पण चित्रं काही बदलली नाहीत.

एवढा मोठा प्राणी, तर अंडं केवढं असेल? नारळाएवढं, हो. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं, अंडी पंधरा-सतरा सेंटिमीटरची. फार मोठं अंडं चालत नाही, कवच जाड करावं लागतं आणि मग आत हवा पोचत नाही. म्हणजे पिल्लू निघताना काही किलोंचं, आणि तिथून काही दशकांत कित्येक टन, हाडं कापून पातळ चकती मायक्रोस्कोपखाली बघितली की ती सुसाट वाढ दिसते. आई लक्ष देत असेल असं वाटत नाही, घरटी इतकी जवळजवळ की तिने आत पाय ठेवला असता तर आम्लेटच. गुजरातमध्ये ढोली डुंगरीला नागपूरच्या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात एक घरटं मिळालं होतं, नंतर नीट बघितल्यावर कळलं की त्यात फुटलेल्या अंड्याभोवती साडेतीन मीटरचा साप वेटोळं घालून बसलाय, आणि शेजारी अर्ध्या मीटरचं नुकतं निघालेलं पिल्लू. २०१० साली त्या सापाला सनाजे इंडिकस नाव दिलं. ६.७ कोटी वर्षांपूर्वी घास घ्यायच्या आधीच वरून माती आली आणि तिघं तसेच राहिले.

आता आपल्याकडचं सांगतो, कारण मराठी माणसाला वाटतं डायनासोर म्हणजे अमेरिका. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचं गाव आहे. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे त्या पाद्री हिस्लॉप यांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी तिथली हाडं गोळा केली होती. आम्ही फिल्डला गेलो तेव्हा पऱ्हाटी निघालेल्या वावरात खाली मान घालून फिरत होतो, तर धुऱ्यावरून एक आजी ओरडली, "काय पाहून राहिले पोट्टेहो, सोनं सांडलं का तुमचं?" सरांनी आदल्या दिवशी शिकवलं होतं की दगड आणि हाड ओळखायचं असेल तर जिभेला लावा, हाडाला बारीक छिद्रं असतात ते जिभेला चिकटतं. माझ्या मित्राने लिंबाएवढा एक करडा गोळा उचलला, जिभेला लावला, दोनदा लावला, म्हणाला सर चिकटत नाही. सर म्हणाले, चिकटणार नाही, ते शेण आहे.

पण त्या शेणाने जगात नाव काढलं. पिसदुऱ्याच्या त्या विष्ठेच्या दगडांमध्ये गवताचे सूक्ष्म सिलिकाचे, म्हणजे वाळूत असतो त्या कडक पदार्थाचे, कण सापडले, पाचेक वेगवेगळ्या प्रकारच्या गवतांचे, आणि २००५ साली ते छापून आलं तोपर्यंत सगळे धरून चालले होते की डायनासोरच्या काळात गवत असल्यासारखं नव्हतंच. पुढे त्यात भाताच्या कुळातलं गवतही निघालं. ताड, सूचिपर्णी, बाकी झाडांचेही कण आहेतच, म्हणजे जे समोर आलं ते ओरपलं. शेण नेमकं कोणाचं यावर शंका काढणारे आहेत, पण त्याच थरात हाडं सॉरोपॉडची मिळतात म्हणून संशय त्यांच्यावरच. आणि गवतातली ती सिलिका दात घासून टाकते, ज्याला चावायचंच नाही त्याला काय फरक पडतो.

त्याच भागात डोंगरगावला १९८४ ते ८६ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी एका प्राण्याचा बराचसा सांगाडा खणून काढला. संख्याशास्त्राच्या संस्थेचा डायनासोरशी काय संबंध असं मलाही वाटलं होतं, तर संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांनीच तिथे भूविज्ञानाचा विभाग काढला होता. त्याच संस्थेने त्याआधी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या सिरोंच्याच्या पलीकडे, बारापासॉरस काढला होता, पहिलं मिळालेलं मांडीचं हाड १.७ मीटरचं म्हणून बंगालीत "बडो पा", मोठा पाय, आणि टागोरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी खोदकाम सुरू झालं म्हणून पुढे टागोराय. डोंगरगावच्याचं नाव आता इसिसॉरस, त्या संस्थेच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून, २००३ साली ठेवलं. पुढचे पाय लांब, मान त्याच्या भाऊबंदांपेक्षा आखूड आणि जाड, दिसायला थोडा तरसासारखा उतरता.

त्याचं डोकं मात्र सापडलेलं नाही, मागचे पायही नाहीत. डोक्याचं नवल नाही, हलकं डोकं म्हणजे पातळ हाडं, मेल्यावर पहिल्यांदा तेच गळून पडतं, पाण्यात वाहून जातं, जगभर सॉरोपॉडची हाडं भरपूर आणि कवट्या मोजक्या हेच रडगाणं आहे. त्यामुळे मुलीला नेटवर इसिसॉरसचं चित्र दाखवलंत तर एवढं सांगा की मानेपर्यंतचा तो चंद्रपूरचा आहे, पुढचं तोंड चित्रकाराने मादागास्करच्या रापेटोसॉरससारख्या एखाद्या नातेवाइकाकडून उसनं आणलंय.